बॉक्स स्कोअर, मायक्रोफिल्म आणि म्हातारे पिचर

न्यूयॉर्कला राहते म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे मॅनहॅटन येतं. मी राहते ते न्यूयॉर्क राज्याच्या मधल्या भागात, म्हणजे गोठे, मक्याची शेतं, न संपणारा हिवाळा, आणि थोड्या थोड्या अंतरावर एकेक छोटं गाव, त्या गावात एक चर्च, एक डायनर आणि हमखास एक बेसबॉलचं मैदान. याच पट्ट्यातल्या खेळांवर मी पुस्तकं लिहिते, त्याआधी इथल्याच एका पेपरात लिहायचे. हल्ली नात्यातली, ओळखीतली मुलं विचारतात, मावशी, स्पोर्ट्सवर पुस्तक लिहायचंय, कुठून सुरुवात करू, आणि ते फोनवर दहा मिनिटांत सांगून होत नाही. म्हणून एकदा माझं कसं झालं ते सगळं लिहून काढतेय.

मी सांगलीची, विजय हजारेंचा जन्म आमच्या गावातला. बाबा क्लबच्या क्रिकेट मॅचेसना स्कोअरर म्हणून बसायचे आणि मला शेजारी बसवून घ्यायचे, पेन्सिलला टोक करून देणं हे माझं काम. त्यांची आवडती गोष्ट म्हणजे भाऊसाहेब निंबाळकरांचे ४४३. डिसेंबर १९४८, पुणे, समोर काठियावाड, ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम अगदी हाताशी, आणि समोरच्या कॅप्टनने मॅच सोडून दिली आणि टीम घेऊन गेला. बाबा म्हणायचे कागदावर ४४३ नॉट आऊट आहे ना, मग तेवढंच सांगायचं, पुढचे दहा रन झालेच असते असं आपण नाही लिहायचं. खेळावर लिहायला शिकले ती तिथे असं मी मानते, डिग्री वगैरे नंतर.

लग्नानंतर नवऱ्याच्या युनिव्हर्सिटीतल्या नोकरीमुळे इकडे आलो. इथल्या पेपरात संध्याकाळचं अर्धवेळ काम मिळालं ते ‘ॲगेट’चं. ॲगेट म्हणजे स्पोर्ट्सच्या पानावर बारीक टायपात जे निकाल छापतात ते. शाळांचे कोच रात्री फोन करायचे, कोणी किती पॉइंट केले, कोण कितवा आला, आणि आपण कानाला फोन लावून टाइप करायचं. पोलिश आणि इटालियन आडनावं असायची सगळी, प्रत्येक नाव अक्षर अक्षर विचारून घ्यायचं, कारण नाव चुकलं की सकाळी आठला त्या पोराच्या आजीचा फोन येणार हे ठरलेलं. पुष्कळ जण या कामाला नाकं मुरडतात. मी मात्र कोणी विचारलं तर सांगते, मिळालं तर हेच काम आधी घे. पुस्तकासाठी जी सवय लागते ना, नाव, तारीख, आकडा, परत एकदा विचारणं, ती इथेच लागते.

मग उन्हाळ्यात मायनर लीग बेसबॉल, म्हणजे सगळ्यात वरच्या मेजर लीगच्या खालचं, कव्हर करायला पाठवायला लागले. इथे न्यूयॉर्क-पेन लीग नावाची एक लीग होती, १९३९ साली बटेव्हिया गावात सुरू झाली तेव्हा तिचं नाव होतं पोनी लीग, पेनसिल्व्हेनिया, ऑन्टारियो आणि न्यूयॉर्कची आद्याक्षरं जोडून केलेलं. पुढे १९५७ ला नाव बदललं. अगदी खालच्या पायरीची लीग, सीझन छोटा, जूनमध्ये सुरू आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला संपला. कॉलेजमधून नुकतीच निवडलेली एकवीस-बावीस वर्षांची पोरं यायची, गावातल्या कुणाच्या तरी घरी वरच्या खोलीत राहायची, घरची बाई त्यांना जेवायला वाढायची, आणि दोन-तीन महिन्यांनी बहुतेकांचं करिअर तिथेच थांबायचं. काही मात्र पार वर जायचे. ओनिऑन्टा गावात यँकीज या मेजर लीग टीमची खालची टीम होती, तिथे १९७९ ला डॉन मॅटिंग्ली खेळला, आणि १९८२ ला जॉन एल्वे, हो तोच, जो पुढे अमेरिकन फुटबॉलमध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोजचा क्वार्टरबॅक झाला. गावातली माणसं अजून सांगतात की एल्वे आमच्या डमाश्की फील्डवर आउटफिल्डला उभा असायचा.

क्रिकेटचा स्कोअर लिहिता येणाऱ्याला बेसबॉलचा स्कोअर जमायला फार वेळ लागत नाही आणि त्याला कारण आहे. बेसबॉलचा बॉक्स स्कोअर, म्हणजे अख्ख्या मॅचचा आकड्यांतला तक्ता, ज्याने घडवला तो हेन्री चॅडविक मूळचा इंग्लंडचा, लहानपणीच इकडे आलेला, आणि आधी न्यूयॉर्कमध्ये क्रिकेटच्याच बातम्या द्यायचा. प्रत्येक फिल्डरला नंबर, बॉल टाकणारा पिचर १, बॅटरच्या मागे बसणारा कॅचर २, सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला शॉर्टस्टॉप ६, त्यामुळे ६-४-३ एवढं लिहिलं की शॉर्टस्टॉपने उचलून सेकंड बेसमनला दिला, त्याने फर्स्टला, दोन आऊट, अख्खा प्रसंग तीन आकड्यांत आला. स्ट्राइकआउटला, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बॅटर आऊट झाला की, के लिहायचं, आणि बॅटर बॅट न फिरवता नुसता बघत राहिला तर तोच के उलटा. मला हे इतकं आवडलं की मी दोन सीझन ऑफिशियल स्कोअरर म्हणूनही बसले. म्हणजे बॉल फिल्डरच्या हातून सुटला तर तो बॅटरचा हिट, म्हणजे मारून बेस गाठला, की फिल्डरचा एरर हे तुम्ही ठरवायचं, आणि मग पोरगा इनिंग संपल्यावर वर प्रेस बॉक्सकडे रोखून बघतो, कारण त्याच्या ॲव्हरेजचा प्रश्न असतो, पुढच्या वर्षीच्या नोकरीचा प्रश्न असतो.

बाईमाणूस म्हणून त्रास झाला का असं विचारतात. झाला. एका मैदानावर ड्रेसिंग रूमच्या दारावरच्या माणसाने मला खेळाडूंच्या बायका बसतात तिकडे बोट दाखवलं, गळ्यात प्रेस कार्ड असताना. खरं तर तोपर्यंत मेलिसा लडकीने कोर्टात जाऊन जिंकलेल्या केसला बरीच वर्षं झाली होती. ती स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडची रिपोर्टर, १९७७ च्या वर्ल्ड सिरीजला, म्हणजे मेजर लीगच्या फायनलला, तिला क्लबहाऊसमध्ये, म्हणजे ड्रेसिंग रूममध्ये, जाऊ दिलं नाही, तिने केस केली आणि १९७८ ला न्यायाधीश कॉन्स्टन्स बेकर मोटली यांनी तिच्या बाजूने निकाल दिला. मी त्या माणसाला एवढंच म्हटलं की मला नऊच्या डेडलाइनला कॉपी द्यायची आहे, आणि उभी राहिले, आणि मॅनेजर स्वतः बाहेर येऊन बोलला. त्या संध्याकाळचा रिपोर्ट चांगला झाला होता.

पहिलं पुस्तक कसं आलं ते सांगते. लीगच्या जुन्या काळावर पेपरात एक मालिका केली, तेव्हा लोक घरून पिशव्या भरून फोटो आणि कात्रणं आणून द्यायला लागले, आणि लक्षात आलं की हे पेपरात मावणार नाही. मोठ्या पब्लिशरला अशा पुस्तकात रस नसतो, ते स्टारवर चालतात. छोटे पब्लिशर आणि युनिव्हर्सिटी प्रेस असतात, त्यांना प्रपोजल पाठवायचं, त्यात पुस्तक कशाबद्दल, चॅप्टर कुठले, वाचणार कोण, यासारखी आधीची पुस्तकं कुठली, आणि नमुन्याची एक-दोन प्रकरणं. प्रेसवाले ते बाहेरच्या दोन जाणकारांना वाचायला देतात. माझ्या एका वाचकाने पानंच्या पानं शेरे लिहिले होते, कुठल्या वाक्याला पुरावा काय, ही मॅच खरंच झाली का, हा माणूस त्या साली त्या टीममध्ये होता का. रात्री वाचून रडकुंडीला आले आणि सकाळपासून एकेक शेरा घेऊन कामाला लागले, कारण तो माणूस पुस्तकाच्या भल्याचंच बोलत होता.

आता खरं काम. खेळाचं पुस्तक म्हणजे मैदानावर बसून सुचेल ते लिहिणं असा समज असतो. माझा निम्म्याहून जास्त वेळ लायब्ररीच्या तळघरात मायक्रोफिल्मच्या मशीनसमोर गेलाय. रीळ अडकवायचं, हँडल फिरवायचं, जुना पेपर डोळ्यांपुढून सरकत जातो, तासाभराने मळमळायला लागतं, आणि नेमकं ज्या दिवसाचं पान हवं तेच अर्धं काळं आलेलं असतं. इथे एक गोष्ट मी स्वतः शिकले ती सांगते, मॅच दोन गावांत झाली असेल तर दोन्ही गावांचे पेपर वाचायचे आणि हरलेल्या गावाचा आधी वाचायचा. जिंकलेल्या गावाचा पेपर आपल्या हिरोचं कौतुक करत बसतो, हरलेल्या गावाचा रिपोर्टर चिडलेला असतो, तो कुणाच्या हातून बॉल सुटला, अंपायरने काय केलं, मैदान किती ओलं होतं हे सगळं लिहितो.

दुसरी जागा कूपर्सटाऊन. ऑटसीगो तलावाच्या काठचं एवढंसं गाव, तिथे बेसबॉलचं हॉल ऑफ फेम, म्हणजे थोर खेळाडूंचा मान करणारं म्युझियम, आहे, १९३९ साली उघडलेलं. खाली म्युझियमला गर्दी असते, पण त्यांच्या संशोधन लायब्ररीत मेजर लीगमध्ये एक मॅच जरी खेळलेला असला तरी त्या खेळाडूची फाइल आहे, त्यात कात्रणं, पत्रं, कधी त्याने स्वतःच्या हाताने भरलेला फॉर्म. आधी कळवून जायचं, पेन चालत नाही, पेन्सिल न्यायची. मजा म्हणजे हे हॉल ऑफ फेम त्या गावात आहे ते एका खोट्या गोष्टीमुळे. १९०७ मध्ये एका कमिशनने जाहीर केलं की बेसबॉलचा शोध ॲबनर डबलडे याने १८३९ ला कूपर्सटाऊनमध्ये लावला. डबलडे त्या साली वेस्ट पॉइंटच्या मिलिटरी ॲकॅडमीत होता. आज कोणी जाणकार ती गोष्ट मानत नाही, पण गावातल्या मैदानाला नाव अजून डबलडेचंच.

तर कागदसुद्धा खोटं बोलतो, हे डोक्यात पक्कं ठेवायला लागतं. जुन्या काळचा मोठा बॅटर टाय कॉब, त्याचं उदाहरण मी प्रत्येक नव्या पोराला देते. १९१० ला बॅटिंग ॲव्हरेजमध्ये जो पहिला येईल त्याला चाल्मर्स कंपनीची मोटार मिळणार होती, शर्यत कॉब आणि नॅप लाजवे यांच्यात. कॉब कुणालाच आवडायचा नाही. शेवटच्या दिवशी लाजवेच्या समोरच्या टीमच्या, सेंट लुइसच्या, मॅनेजरने आपल्या नवख्या थर्ड बेसमनला मुद्दाम मागे उभं केलं आणि लाजवेने बंट, म्हणजे बॅट नुसती लावून बॉल जवळच पाडणं, टाकत टाकत दोन मॅचमध्ये मिळून आठ हिट घेतले. तरी लीगने कॉबच किंचित पुढे असं जाहीर केलं, कंपनीने दोघांनाही गाडी दिली आणि विषय मिटला. पुढे सत्तर वर्षांनी, १९८१ मध्ये, द स्पोर्टिंग न्यूजने छापलं की लीगच्या चोपडीत कॉबची एक मॅच दोनदा धरली गेली होती. पीट पामर नावाच्या आकडेतज्ज्ञाने मूळ पानं तपासताना ते पकडलं. म्हणजे त्याचे आयुष्यभराचे हिट ४१९१ नाहीत, ४१८९. बेसबॉलच्या कमिशनरने, म्हणजे प्रमुखाने, बदलायला नकार दिला, आणि १९८५ ला पीट रोझने जेव्हा ४१९२ वा हिट मारला तेव्हा अख्ख्या देशाने विक्रम मोडला म्हणून टाळ्या वाजवल्या. हिशोबाने तो मोडून झाला होता त्याच्या आधीच. मला हे वाचलं तेव्हा बाबांची फार आठवण आली, त्यांना पामरला भेटायला आवडलं असतं.

आणि आठवणी? त्यांचं वेगळंच असतं. जुन्या खेळाडूंना गाठून टेपरेकॉर्डरवर बोलतं करण्याचा मार्ग लॉरेन्स रिटर या प्राध्यापकाने साठच्या दशकात दाखवून दिला, वडील गेल्यावर तो देशभर हजारो मैल गाडी चालवत विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे खेळाडू शोधत फिरला. मी आपल्या छोट्या भागात तेच केलं. नियम एकच ठेवला, आधी त्यांना सांगू द्यायचं, मध्ये तोडायचं नाही, कागद पिशवीतून बाहेर काढायचा तो शेवटी.

एक पिचर होते, पन्नासच्या दशकात पोनी लीगमध्ये खेळलेले, मी गेले तेव्हा ऐंशीच्या पुढचे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलो होतो, बायको पलीकडे सूप ढवळत होती. त्यांनी सांगितलं की सीझनच्या शेवटच्या मॅचला मी सोळा स्ट्राइकआउट घेतले, आणि वडील आले होते बघायला, गिरणीतून कधी सुट्टी न घेणारा माणूस त्या दिवशी आला. सांगताना बोटं अशी टेबलावर बॉल धरल्यासारखी वळलेली. मी आधी मायक्रोफिल्म बघून गेले होते. शेवटच्या मॅचला त्यांचे स्ट्राइकआउट होते नऊ. सोळा होते जुलैमध्ये, दुसऱ्याच गावात, रात्रीच्या मॅचला. मी दोन्ही गावांच्या पेपरच्या प्रती पुढे ठेवल्या. ते भिंग घेऊन वाचत बसले आणि म्हणाले पेपर चुकलाय. मी म्हटलं दोन्ही पेपर तेच म्हणतायत, तुमच्या गावचा आणि त्यांचापण. तेवढ्यात बायको चमचा ठेवून म्हणाली, “अहो, तुमचे वडील आले होते ते शेवटच्याच मॅचला, मी शेजारी बसले होते त्यांच्या. नऊ का सोळा ते मला नाही माहीत, पण त्यांनी टोपी काढून हातात धरली होती पूर्ण वेळ.” मग त्यांनी परत वाचलं आणि मला म्हणाले, “मग पोरी, तू दोन्ही लिही.” तसंच लिहिलं. जुलैची मॅच जुलैत, सोळासकट. शेवटची मॅच सप्टेंबरमध्ये, नवासकट, टोपीसकट. आणि मध्ये एक परिच्छेद की साठ वर्षांत या दोन रात्री त्यांच्या मनात एक झाल्या. ते प्रकरण मला सगळ्यात जवळचं आहे.

बड फाउलरच्या वेळी मात्र विचारायला कोणीच नव्हतं. फाउलर कूपर्सटाऊनमध्येच वाढलेला काळा मुलगा, खरं नाव जॉन जॅक्सन, १८७८ मध्ये पैसे घेऊन गोऱ्या टीमकडून खेळला, व्यावसायिक बेसबॉलमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून त्याचं नाव घेतात. १८८७ ला तो बिंगहॅम्टनकडून उत्तम खेळत होता तर टीममधल्या गोऱ्या खेळाडूंनीच त्याच्याबरोबर उतरायला नकार दिला आणि त्याला जावं लागलं, त्याच वर्षी जुलैत इंटरनॅशनल लीगने ठरवलं की काळ्या खेळाडूंशी नवे करार करायचे नाहीत. तो गावोगाव फिरत राहिला, जिथे खेळू देतील तिथे खेळायचं, पोटासाठी न्हाव्याचं काम करायचं. १९१३ मध्ये इथेच जवळ फ्रँकफर्टला वारला आणि थडग्यावर दगडसुद्धा नव्हता. तो दगड १९८७ मध्ये बेसबॉलच्या हौशी संशोधकांच्या संस्थेने, सेबरने, बसवला. ही संस्था १९७१ साली कूपर्सटाऊनच्याच लायब्ररीत मूठभर माणसांनी सुरू केली, कोणीही सभासद होऊ शकतं, आणि माझ्या कामात मला जेवढी मदत या लोकांनी केली तेवढी कोणी केली नाही. २०२२ मध्ये फाउलर हॉल ऑफ फेममध्ये घेतला गेला. मी त्या दिवशी कूपर्सटाऊनला होते, आणि एवढी माणसं त्याच्यासाठी टाळ्या वाजवतायत हे बघून मला रडू आवरलं नाही.

त्याच्यावरचं प्रकरण लिहिताना जुन्या पेपरातलं वाचून संताप यायचा, त्याचं वर्णन कसल्या शब्दांत केलेलं असायचं, आणि तरी बॉक्स स्कोअरमध्ये तोच सेकंड बेसला उभा, हिट दोन, एरर शून्य. निग्रो लीग्ज, म्हणजे काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या लीग्ज, त्यांच्या बाबतीत तर गोऱ्या पेपरांनी बरेचदा स्कोअरच छापला नाही. शिकागो डिफेंडर, पिट्सबर्ग कुरियर या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकांतून लोकांनी वर्षानुवर्षं एकेक मॅच गोळा केली, तेव्हा कुठे २०२४ च्या मे महिन्यात मेजर लीगने ते आकडे अधिकृत यादीत धरले आणि त्या लीग्जमधला जॉश गिब्सन .३७२ या बॅटिंग ॲव्हरेजने कॉबच्या वर गेला. खेळाच्या नोंदी तपासण्यात काय एवढं असं ज्यांना वाटतं त्यांनी हे बघावं. एका माणसाचं आख्खं आयुष्य पेपरात न छापल्यामुळे नाहीसं होऊ शकतं आणि कुणीतरी चिकाटीने शोधल्यामुळे परत येऊ शकतं.

लिहून झाल्यावरची कामं पटापट सांगते. फोटोंची परवानगी लेखकानेच आणायची, फीसुद्धा बहुतेक वेळा लेखकाचीच, एका संस्थेने एका फोटोचे एवढे सांगितले की मी तो सोडून दिला आणि घराघरांतले अल्बम स्कॅन करायला लागले. अल्बम कधीच घरी आणायचा नाही, त्यांच्याच टेबलावर त्यांच्यासमोर स्कॅन करायचा. इंडेक्स मी स्वतः करते, कंटाळवाणं असतं पण या गावांतली माणसं पुस्तक हातात घेतलं की सरळ मागचं पान उघडून आपलं आडनाव शोधतात, त्यामुळे एकच मॅच खेळलेला पोरगासुद्धा इंडेक्समध्ये पाहिजेच. पैशाचं म्हणाल तर यावर घर चालत नाही. ॲडव्हान्स मिळाला तर किरकोळ, रॉयल्टीचा चेक वर्षाने येतो आणि त्यात पेट्रोलचा खर्चही निघत नाही कधी कधी. पेपरची नोकरी होती तोवर ती, आता एका कॉलेजात शिकवते.

बेसबॉलनंतर बाकीच्या खेळांकडे गेले ते याच रस्त्याने. इथून जवळच्या सिराक्यूजमध्ये बास्केटबॉलचं २४ सेकंदांचं घड्याळ जन्माला आलं, १९५४ ला. त्याआधी टीम पुढे गेली की बॉल नुसता धरून वेळ काढायची, १९५० मध्ये एक मॅच १९-१८ अशी संपली होती. सिराक्यूजच्या टीमचा मालक डॅनी बियासोन आणि त्याचा सहकारी लिओ फेरिस यांनी हिशोब केला, चांगल्या मॅचमध्ये दोन्ही टीम मिळून साधारण १२० शॉट घेतात, मॅच २८८० सेकंदांची, भागाकार २४. खेळ वाचवणारा नियम इतक्या साध्या भागाकारातून येतो हे मला अजून भारी वाटतं. त्यावर लिहिलं, मग बॉक्सिंगवर.

सध्या तेच चालू आहे. कनॅस्टोटा म्हणून गाव आहे, दलदल उपसून काढलेली काळीभोर जमीन आणि त्यात मैलोन्‌मैल कांदा, आपल्या लासलगावचा माणूस तिथे सोडला तर त्याला परकं वाटणार नाही. तिथला कांदा पिकवणाऱ्या इटालियन घरातला पोरगा कार्मेन बासिलिओ, त्याने २३ सप्टेंबर १९५७ ला यँकी स्टेडियममध्ये शुगर रे रॉबिन्सनला पंधरा राउंडमध्ये हरवून मिडलवेटचं विजेतेपद घेतलं. गावाला त्याचा एवढा अभिमान की बॉक्सिंगचं हॉल ऑफ फेमही तिथेच उभं राहिलं, १९८९ मध्ये. लढतीचं सगळं कागदोपत्री मिळालंय, रेफरी आणि दोन जज यांचा निकाल एकमताचा नव्हता तेही. मला हवंय ते त्या रात्री कनॅस्टोटात काय चाललं होतं, कांद्याच्या काढणीचे दिवस होते, दुसऱ्या दिवशी शेतावर कोण कोण गेलं. तेव्हा दहा-बारा वर्षांची असलेली माणसं आज पंच्याहत्तरच्या पुढे आहेत, त्यामुळे लायब्ररी सध्या बाजूला ठेवलीय आणि शनिवार-रविवार घरोघर जाऊन त्यांच्याशीच बोलतेय.